दोन कुप्या

आधी हात धुवा, कोपरापर्यंत. तैवानमधलं रुग्णालय आहे, 1990 चं दशक नुकतंच लागलंय.

काचेच्या पेटीत जेमतेम किलोभराचं बाळ. जन्माला अजून बारा तासही झालेले नाहीत. तोंडातली नळी गालाला चिकटपट्टीनं धरून ठेवलीय. ज्या हवेवर ते जगतंय, तीच दाबानं आत शिरून त्याची कच्ची फुप्फुसं दुखावतेय. म्हणून सगळ्यांना घाई आहे, नळी लवकर काढायची.

परिचारिका सिरिंज भरते. कुपीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे की नुसतं सलाइन, हे तिला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. त्सू-फू येह यांच्या या चाचणीत 262 बाळं आहेत. औषध असेल तर ते मात्रा उतरवत 28 दिवस चालणार.

तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे. तिचा हात धरावासा वाटतो. धरून तरी काय सांगाल? औषध मिळालेल्या बाळांची फुप्फुसं खरोखरच सुधारतात. इथं चार आठवडे राहिलात तर तुम्हीही डेक्सामेथासोनच मागाल.

डोकं इतक्या लवकर काही सांगत नाही. या बाळाचा मेंदू अजून बराचसा गुळगुळीत आहे, बहुतेक घड्या पुढच्या आठवड्यांत पडायच्यात.

आठेक वर्षं पुढं या. त्यांतली 146 मुलं तपासणीला आलीत. डोक्याभोवती टेप फिरते. औषधवाल्या मुलांची उंची कमी, डोक्याचा घेर कमी, हातापायांचा मेळ कच्चा. बुद्ध्यांकाची सरासरी 78, सलाइनवाल्यांची 84. हे छापून यायला 2004 उजाडलं. त्याआधीच, 2002 मध्ये, अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सरसकट वापर थांबवायला सांगितलं होतं.

आता कॅनडात, हॅमिल्टनला. साल 2007. इथं धास्ती होती ती कॅफिनची. हो, कॉफीतल्याच. कमी दिवसांची बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात. कॅफिन मेंदूतल्या श्वासकेंद्राला जागं ठेवतं. 1970 च्या दशकापासून ते देत होतेच. पण कॅफिन ज्या अ‍ॅडेनोसिनला अडवतं, तेच ऑक्सिजन कमी पडला की मेंदूला सांभाळतं. मग अडवून नुकसान तर नाही? बार्बरा श्मिट आणि सहकाऱ्यांनी 2006 बाळांवर चाचणी घेतली (ही संख्या आहे, साल नव्हे). कॅफिनवाल्यांची श्वासाची यंत्रं आठवडाभर आधी सुटली, आणि दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सी निघाली 4.4 टक्क्यांना, दुसऱ्या गटात 7.3. ज्याच्यावर संशय, तेच मेंदूच्या कामी आलं होतं.

परत त्या पेटीपाशी या. सिरिंज रिकामी झालीय. परिचारिका तक्त्यावर वेळ लिहिते आणि बाळाच्या डोक्यावरून घसरलेली टोपी हलकेच कपाळापर्यंत ओढते.