यंत्राला हात कुणी लावायचा

पोकलेन हा शब्द आता मराठीच झालाय. जेसीबीसुद्धा. पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव, आणि जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाची आद्याक्षरं. त्याच्या कंपनीने १९७९ साली एस्कॉर्ट्सशी भागीदारी करून दिल्लीजवळ बल्लभगडला पाय रोवले. आज गावात कुठलंही पिवळं धूड शिरलं की पोरं ओरडतात, जेसीबी आला. ते धूड बनवतं कोण, हे कुणी विचारत नाही. मी ३४ वर्षं बनवलं. पुणे पट्ट्यातल्या एका कारखान्यात. कारखान्याचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी मजकूर बदलणार नाही.

मातीकाम हे आपल्या लोकांचं जुनं काम. माती वडार, गाडी वडार अशी जातींची नावंच मातीवरून आणि दगडावरून पडली. आपल्या महार-मांगांच्या बायाही पाटी घेऊन तिथंच. १९७२ च्या दुष्काळात तर अख्खा महाराष्ट्र खडी फोडायला बसला होता. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. त्यात माझी माय आणि बाप. मोजमाप ब्रासवर चालायचं. ब्रास म्हणजे १०० घनफूट. कडक मुरमात दोघं मिळून दिवसाला जेमतेम ब्रासभर काढायचे आणि संध्याकाळी मुकादम टेप लावून त्यातूनही कापायचा.

आता हिशोब बघा. २० टनी पोकलेनच्या बकेटमध्ये एक घनमीटर, म्हणजे ३५ घनफूट माती येते. खणायचं, फिरायचं, टाकायचं, परत यायचं, हे वीस-बावीस सेकंदांत. तीन बकेट झाले की ब्रास. मायबापाचा दिवस मशीन एका मिनिटात खाऊन टाकतं. याचं मला दुःख नाही. पाठीवरचं ओझं गेलं तर जाऊ द्या, खोरं-पाटीचे गोडवे आपण का गायचे? प्रश्न दुसराच आहे. ओझं पाठीवरून उतरलं, पण ते उतरवणाऱ्या यंत्रावर आपला हात कुठं पडला?

बाहेरच्याला वाटतं कारखाना म्हणजे एकच जागा. तसं नसतं. जाड पत्रा गॅसने कापून येतो. फिटर तो जुळवतो, टाके मारतो. मग वेल्डर. मग उभा बूम बोरिंग मशीनवर जातो, तिथं पिनांची भोकं एका रेषेत काढतात. पुढं शॉट ब्लास्टिंग, रंग, जुळणी, शेवटी मैदानात चाचणी. यातलं बोरिंग म्हणजे राजाचं खातं. ऑपरेटर इस्त्रीचा शर्ट घालून येणार, मायक्रोमीटर कापडात गुंडाळून ठेवणार. आणि आमचं खातं वेल्डिंग, ग्राइंडिंग, गाउजिंग. चुकलेला जोड कार्बनच्या कांडीने जाळून, हवेच्या झोताने उडवून परत खोदायचा, त्याला गाउजिंग म्हणतात. आवाज असा की घरी गेल्यावर बायको हाक मारून थकते. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. आर्क लागला म्हणायचं आणि बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं.

आमच्या खात्यातली आडनावं वाचली की वस्तीची मतदारयादी वाचल्यासारखं वाटायचं. बोरिंगमधली आडनावं वेगळी. कुठल्याही साहेबाने मला तोंडावर जात विचारली नाही. गाव विचारलं. आडनाव विचारलं. मग खातं ठरलं. खंडेनवमीला मशीनची पूजा असायची, वर्गणी सगळ्यांची. नारळ बोरिंगच्या मशीनवर फुटायचा. गाउजिंगच्या होल्डरला कुणी हळदकुंकू लावल्याचं मला आठवत नाही. आम्हाला त्याची हौसही नव्हती. दुसऱ्या दिवशी आमची पोरं नागपूरच्या गाडीत असायची, आणि त्या दिवसाची रजा मागताना सुपरवायझर दरवर्षी नव्याने विचारायचा, कसला सण आहे तुमचा?

हे कुणी कट करून केलं असं मी म्हणत नाही. कट करायची गरजच नव्हती. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, आठवी पासवर मिळणारा. टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे, त्याला दहावी आणि चांगले मार्क. आपल्या घरात पोरगा दोन वर्षं बिनपगारी कोण ठेवणार? तो एका वर्षात वेल्डर होऊन बाहेर. जात अशीही चालते, हजेरीपटावर न दिसता.

ही गोष्ट जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण अस्पृश्याला तिथं मज्जाव. कारण काय, तर कांडी बदलताना धाग्याला तोंड लागतं, धोटा उष्टा होतो. म्हणून आपले लोक कमी पगाराच्या खात्यांत. इंग्रजाचं मशीन, शेठचं भांडवल, कामगारांची युनियन, आणि नियम मात्र मनूचा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. ज्यांना वर्ग दिसत होता त्यांना हा धोटा दिसला नव्हता. १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आपल्या पोरांना पाठ असतं. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतली कामं एकेक करून तपासली, हे फार थोड्यांना माहीत असतं. गँगमन म्हणून आपला माणूस चालतो, पण पोर्टर म्हणून चालत नाही, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरातही राबतो. दोन शत्रू त्यांनी हवेतून काढले नव्हते. त्यांनी खाती बघितली होती.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठ तासांची पाळी आम्हाला मॅनेजरच्या मेहेरबानीने मिळाली नाही, हे युनियनच्या ऑफिसात शिवरायांच्या नि टिळकांच्या फोटोखाली बसणाऱ्यांना मी वारंवार सांगायचो. ऐकून घ्यायचे. फोटो काही लागला नाही.

१९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा मिळाल्या, १९४६ मध्ये १२.५, १९७० मध्ये १५. सरकारी कारखान्यांनाही पुढे हे बंधन लागलं. १९६४ साली केंद्र सरकारने भारत अर्थ मूव्हर्स काढली, बंगळूर आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावात तिचे कारखाने. म्हणजे माझ्यासारखाच बुलडोझर, तसाच बकेट, पण तिथं भरतीला रोस्टर. आमच्याकडे रोस्टर नाही, शिफारस. १९८०-८१ ला बंगळूरच्या सरकारी कारखान्यांतल्या कामगारांनी ७७ दिवस संप केला, त्यात हेही कामगार होते. कारखाना सरकारी म्हणून मालक देव झाला असं नाही. पण रोस्टरचा कागद तरी होता, त्यावर बोट ठेवून भांडता येत होतं. खाजगी कारखान्यात बोट ठेवायला कागदच नाही.

आणि मग कंत्राट आलं. १९७० च्या कायद्याने बारमाही कामातलं कंत्राट बंद करायची वाट ठेवली होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं, कंत्राट बेकायदा ठरवून बंद केलं तरी कामगार आपोआप कायम होत नाही. त्यानंतर आमच्या गेटवर फरक डोळ्यांना दिसायला लागला. कायमवाल्यांचा ड्रेस निळा, कंत्राटवाल्यांचा खाकी. पहिल्यांदा साफसफाई कंत्राटात गेली, मग रंग, मग ब्लास्टिंग, मग ग्राइंडिंग. बोरिंग सगळ्यात शेवटी. म्हणजे ज्या खात्यांत आपण होतो तीच आधी गेली. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागेवर जो पोरगा आला तो बौद्धच होता, लातूरकडचा, हात माझ्यापेक्षा साफ. पगार माझ्या तिसऱ्या हिश्श्याला. त्याच्या ओळखपत्रावर कारखान्याचं नाव नव्हतं, ठेकेदाराचं होतं.

रोजगार हमीच्या कामांवर ठेकेदार नको, माणसाला हटवणारं मशीन नको, असं २००५ च्या केंद्राच्या कायद्यात लिहिलं होतं. तरी गावोगावी रात्री जेसीबी चालला आणि दिवसा मजुरांच्या नावाने हजेरी भरली गेली, हे तुम्ही पाहिलंय. तो जेसीबी वेल्ड करणारा ठेकेदाराचा, चालवणारा ठेकेदाराचा, आणि हजेरीपटावर नाव मात्र तुमच्या मावशीचं.

पोरांनो, तुमच्या वस्तीत असे म्हातारे वेल्डर, ग्राइंडर, रंगारी आहेत. त्यांच्या पेटीत जुनी पगारपत्रकं आहेत, गेटपास आहेत, खातं लिहिलेलं आहे. ती मागून घ्या. कुठल्या साली कुठलं खातं कुणाच्या हातात होतं आणि कधी ठेकेदाराकडे गेलं, हे वहीत उतरवून घ्या. माझी पत्रकं मी काढून ठेवली आहेत. १९८६ ची दोन उंदरांनी खाल्ली, बाकी शाबूत आहेत.