मारुतीच्या छातीपर्यंत पाणी

नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. आणि गंगेला पूर आला की पहिला प्रश्न ठरलेला: "दुतोंड्याच्या कुठवर आलं?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी. पाय बुडाले, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं... की अख्खं गाव होळकर पुलावर पूर बघायला! मीही त्यातलाच.

पण पुलावरून दिसणारा पूर वेगळा आणि पुलाखालचा वेगळा.

१९६५ साली गंगापूर धरण झालं. तरी १९६९ चा महापूर आलाच. मग २००८, २०१६, २०१९. धरण मुळात पाणी साठवायला असतं. ते भरलं की वरून येणारं पाणी खाली सोडावंच लागतं. शिवाय धरणाखाली पडणारा पाऊस, नासर्डी, वाघाडी यांचं पाणी वेगळंच.

२००८ नंतर पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. यातला 'एकदा' फसवा आहे बरं का. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. दहा वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या वर! एवढ्या जोखमीच्या जागी आपण साधा सर्व्हरही ठेवणार नाही. माणसं मात्र राहतात.

का? काठावरची जागा परवडते आणि काम जवळ असतं. पुरात मोठ्या दुकानदाराचं नुकसान आकड्यात जास्त दिसतं, पण त्याच्याकडे विमा असू शकतो. टपरीवाल्याचं भांडवलच वाहून जातं. मदतीसाठी कागद दाखवावे लागतात आणि ते घराबरोबर गेलेले. वर निळ्या रेषेतलं घर म्हणजे 'अतिक्रमण'.

यावर उपाय नाही असं नाही. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. २००७ च्या 'सिद्र'मध्ये काही हजार. समुद्र तोच, गरिबीही होती. पण मधल्या काळात निवारे बांधले गेले आणि इशारा घरोघर पोचवणारे स्वयंसेवक तयार झाले.

मारुतीच्या छातीला पाणी लागतं तोवर काठावरच्या टपऱ्या केव्हाच बुडालेल्या असतात. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात पहिला प्रश्न थोडा बदलूया: "खालची माणसं वर आली का?"