रिकामे पोट आणि दुधाची भुकटी

दिवसातील सोळा तास काहीही न खाता उरलेल्या आठ तासांतच जेवण उरकायचे, म्हणजे आज ज्याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात तो कालबद्ध उपवास करायचा, आणि व्यायामाच्या जोडीला प्रथिनांची भुकटी घ्यायची, ही पद्धत एकविसाव्या शतकाची मानली जाते. प्रत्यक्षात तिची दोन्ही अंगे १९०० च्या आसपास, एकाच पिढीत आणि पुष्कळदा परस्परविरोधी मतांच्या रूपाने पुढे आली.

या मतभेदाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रात आहे. स्नायू काम करताना स्वतःमधील प्रथिनेच जाळतात, असे युस्टुस लीबिगचे प्रतिपादन होते आणि ते खरे असते तर कष्ट करणाऱ्याला मांसावाचून गत्यंतर नव्हते. हे तपासण्यासाठी आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस या दोन शास्त्रज्ञांनी ऑगस्ट १८६५ मध्ये स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर पायी चढण्याचे ठरवले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने पूर्णपणे वर्ज्य केली, चरबीत तळलेल्या पिष्टाच्या वड्या आणि साखरेचा चहा एवढ्यावर भागवले, आणि वाटेत होणारी लघवी साठवून तिच्यातील नायट्रोजन मोजला, कारण प्रथिने जळली की त्यांतील नायट्रोजन त्याच वाटेने बाहेर पडतो. जळालेल्या प्रथिनांतून मिळालेली ऊर्जा केवळ शरीर वर नेण्याच्या कामालाही पुरली नसती, असा हिशेब निघाला. आहारशास्त्राच्या इतिहासात इतक्या साध्या साधनांनी इतके मोठे मत क्वचितच डळमळीत झाले असेल. तरीही म्युनिकच्या कार्ल फॉइटने कष्टकरी माणसासाठी ठरवलेले रोजचे ११८ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण पुढे कित्येक वर्षे प्रमाणभूतच राहिले.

पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल गावचा डॉक्टर एडवर्ड ड्यूई याने मात्र उलट टोक गाठले. सकाळची भूक ही केवळ सवय असून पहिले जेवण दुपारी घ्यावे, असे सांगणारे त्याचे पुस्तक १९०० मध्ये निघाले. संध्याकाळचे जेवण लवकर आटोपणाऱ्याचा या रीतीने सहजच सोळा-सतरा तासांचा उपवास घडत असे. त्याच वर्षी बर्नार मॅकफॅडन या व्यायामप्रचारकाने उपवास, जलोपचार आणि व्यायाम यांची सांगड घालणारा ग्रंथ सहलेखकासह प्रसिद्ध केला. मँचेस्टरमध्ये न्याहारी न करणाऱ्यांचा संघ निघाल्याचे वाचून मोहनदास गांधींनी जोहान्सबर्गमध्ये सकाळचे खाणे सोडले आणि त्यांची डोकेदुखी थांबली, ही नोंद त्यांच्या आत्मकथेत आहे.

नेमक्या याच सुमारास लंडनच्या बाजारात प्लाझमॉन ही भुकटी आली. दुधातील साय वेगळी काढणारी यंत्रे रूढ झाल्यापासून लोण्याच्या कारखान्यांत साय काढलेल्या दुधाचे करायचे काय, हा प्रश्न होता आणि त्यातील बराचसा भाग डुकरांना घातला जाई. त्या दुधात आम्ल घालून साकळलेले प्रथिन, म्हणजे केसीन, वेगळे काढायचे, खाण्याच्या सोड्याने त्याचा आंबटपणा मारायचा आणि ते वाळवून दळायचे, अशी प्लाझमॉनची कृती होती. मार्क ट्वेनने या कंपनीत पैसे गुंतवले, शॅकल्टनच्या १९०७–०९ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेत तिची बिस्किटे गेली आणि बलोपासक यूजेन सँडो याने जाहिरातींतून तिची भलामण केली. १९०४–०५ मध्ये भारताचा दौरा केलेल्या या सँडोचा प्रभाव महाराष्ट्रातही होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांकडे वळण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे त्याच्याच पद्धतीने व्यायाम करत होते.

फॉइटच्या आकड्याला मोठा धक्का दिला तो येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन याने. त्याने प्राध्यापक, सैन्याच्या रुग्णसेवा पथकातील जवान आणि विद्यापीठातील खेळाडू यांना कित्येक महिने फॉइटच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनांवर ठेवले, त्यांची ताकद यंत्रांनी मोजली आणि ती घटली नाही, उलट वाढली, असे १९०४ मध्ये जाहीर केले. भुकटीचा व्यापार त्यामुळे थांबला नाही, याचे कारण शरीराच्या गरजेपेक्षा दुग्धव्यवसायातील शिल्लक मालात शोधले पाहिजे. चीज करताना दहा लिटर दुधामागे सुमारे नऊ लिटर निवळी, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारे पाणी, उरते. ती नद्या-नाल्यांत सोडण्यावर निर्बंध आले आणि १९७० च्या दशकात अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळण्याचे तंत्र हाती आले, तेव्हा एक टक्क्याहूनही कमी प्रथिने असलेल्या त्या पाण्यातून व्हे प्रोटीन वेगळे काढणे किफायतशीर ठरले.

उपवास करणाऱ्याला केसीन आणि व्हे या दोहोंतील फरक महत्त्वाचा वाटतो. केसीन जठरातील आम्लात साकळते आणि सावकाश पचते, तर व्हे लवकर रक्तात उतरते, हे फ्रेंच संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले. त्यावरूनच दीर्घ उपवासापूर्वी केसीन आणि व्यायामानंतर व्हे, असा सल्ला दिला जातो. २०१६ मध्ये इटलीतील संशोधकांनी वजने उचलण्याचा सराव असलेल्या ३४ पुरुषांवरील आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातील सोळा तास उपाशी राहणाऱ्या गटाची चरबी घटली आणि स्नायू टिकून राहिले. परंतु व्यायामानंतर २० ग्रॅम व्हे हा गट आणि तुलनेसाठीचा गट या दोन्हींना सारखेच दिलेले असल्यामुळे, त्या भुकटीवाचून काय झाले असते, याचे उत्तर या प्रयोगातून मिळत नाही.