लाकूड आटे का धरत नाही? धनुष्यातील एका पितळी नळीचा इतिहास

सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानात पोलादाची धनुष्ये घडवली जात. देशोदेशींच्या शस्त्रसंग्रहालयांत ती आजही पाहावयास मिळतात. काहींवर सोन्याचे कोफ्तगिरीकाम आहे. त्यांतील मोजक्या धनुष्यांची मूठ मधोमध पिळली की धनुष्याचे दोन तुकडे होतात. एका तुकड्याच्या टोकावर बाहेरून आटे पाडलेले असतात, दुसऱ्याच्या पोकळीत आतून. प्रवासात नेण्यास सोयीचे असे हे सुटे होणारे धनुष्य आपल्याकडील लोहारांनी केव्हाच साधले होते.

पोलादी धनुष्य बाण काही फार वेगाने सोडत नाही. त्याचे बाहू जड असतात आणि ओढीतून मिळालेली बरीच ऊर्जा त्या बाहूंनाच हलविण्यात खर्ची पडते. शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसाने जोडून केलेले संयुक्त धनुष्य त्याहून कितीतरी सरस. पण सरस आणि पावसाळा यांचे कधी जमले नाही. शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिले तरी ऐनवेळी हाती घेता येईल, असे शस्त्र म्हणून पोलादाला पसंती मिळाली असावी.

याच काळात, याच देशात, लाकडाची आणि बांबूची असंख्य धनुष्ये वापरात होती. त्यांपैकी कशातही आटे नव्हते. कारागिरांना आटे ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. लाकूड आटे धरत नाही म्हणून.

हे विधान प्रथमदर्शनी खटकेल. घरातल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीत स्क्रू असतोच की! पण तो स्क्रू एकदा बसवला की वीस वर्षे हलत नाही. तोच स्क्रू रोज सकाळी काढून पुन्हा बसवून पाहा. थोड्याच दिवसांत तो भोकात नुसता फिरू लागेल. कारण लाकडाच्या घडणीत आहे. पोलाद सर्व दिशांनी जवळजवळ सारखेच बळकट असते, म्हणून त्यात कोरलेला आट्याचा कंगोरा मूळ धातूइतकाच मजबूत राहतो. लाकूड म्हणजे एकाच दिशेने रचलेल्या सूक्ष्म पोकळ नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या लांबीच्या दिशेने ते अतिशय बळकट असते. पण एक नळी शेजारच्या नळीवरून सरकविण्यास त्या मानाने फारच थोडे बळ पुरते. लाकडात आटे पाडले की कंगोऱ्यात उरतात ते कापले गेलेले आखूड तंतू, एकमेकांना जेमतेम चिकटलेले. दोन-चारदा बोल्ट आतबाहेर झाला की त्यांचा भुगा होतो.

विसाव्या शतकात या साध्या अनुभवाला आकड्यांचे रूप मिळाले. अमेरिकेत मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेने, आपल्याकडे १९०६ साली देहरादूनला स्थापन झालेल्या वन संशोधन संस्थेने आणि इतरांनी निरनिराळ्या लाकडांचे हजारो नमुने ताणून, दाबून, चिरून पाहिले. स्क्रू उपटून काढण्यास लागणारे बळ लाकडाच्या विशिष्ट गुरुत्वाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यातून दिसले. ०.६० गुरुत्वाच्या लाकडाऐवजी ०.७५ गुरुत्वाचे घेतले, तर वजन सव्वापट होते. पकड मात्र दीडपटीहून अधिक. लाकूड तपासणीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १७०८ मध्ये, खिळा व स्क्रू धरून ठेवण्याच्या शक्तीसाठी एक स्वतंत्र भागच आहे. तेथे लाकडाच्या बाजूंवर आणि टोकाच्या छेदावर ही शक्ती वेगवेगळी मोजतात, कारण दिशा बदलली की लाकूड जणू वेगळाच पदार्थ होते.

धनुष्याला या साऱ्याची गरज बराच काळ पडली नाही. इंग्लंडमधील यू वृक्षाचे लांब धनुष्य असो, की सातपुड्यातील भिल्लांचा बांबूचा कामठा असो, एक दांडा आणि एक दोरी एवढाच त्याचा संसार. त्याला काही जोडायचेच नव्हते, मग आट्यांचा प्रश्न कोठून येणार?

प्रश्न आला तो क्रीडा-धनुर्विद्येबरोबर. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकनंतर धनुर्विद्या ऑलिंपिकमधून गेली ती १९७२ साली म्युनिकला परतली. मधल्या बावन्न वर्षांत धनुष्य ओळखू येणार नाही इतके बदलले होते. या बदलात अमेरिकेतील अर्ल हॉइट यांचा वाटा मोठा. १९६१ साली त्यांनी धनुष्याला स्टॅबिलायझर जोडला: धनुष्यातून पुढे निघालेली दांडी आणि तिच्या टोकाशी वजन. बाण सुटताना हाताच्या किंचित पिळाने धनुष्य वळते आणि नेम चुकतो. हे वळणे रोखायचे तर धनुष्याचे जडत्व-आघूर्ण वाढवले पाहिजे, आणि ते अंतराच्या वर्गाने वाढते. मुठीपासून ५ सेंटिमीटरवर ठेवलेले २०० ग्रॅम वजन ७५ सेंटिमीटरवर नेले, तर त्याचा वळण्यास होणारा विरोध २२५ पट होतो. वजन तेवढेच, जागा वेगळी.

पण ती दांडी धरणार कोण? दांडी प्रवासासाठी रोज काढावी लागते, आणि त्या काळच्या स्पर्धेच्या धनुष्यांचा मधला भाग, ज्याला रायझर म्हणतात, लाकडाचाच असे. त्याचे गणितही करून पाहावे. दांडीचे स्वतःचे वजन सोडून दिले, तरी २०० ग्रॅमचे ते वजन पाऊण मीटरवरून १५ मिलिमीटर खोल भोकावर तरफेसारखे काम करते. भोकाच्या दोन टोकांना परस्परविरुद्ध दिशांनी सुमारे दहा-दहा किलोचा भार पडतो. हा झाला धनुष्य स्थिर असतानाचा भार. बाण सुटल्यावर दांडी थरथरते, आणि सराव करणारा खेळाडू दिवसाकाठी शेकडो बाण सोडतो.

लवकरच आणखी भोके आली. नेम धरण्यासाठी साइट आली. व्हिक बर्जर या अमेरिकी धनुर्धराच्या नावाने ओळखले जाणारे प्लंजर बटन आले. सुटताना वाकणारा बाण रायझरला जो आडवा धक्का देतो, तो हे बटन आतल्या स्प्रिंगवर झेलते. त्याची जागा मुठीच्या अगदी वर, जेथे बाण मध्यरेषेतून जावा म्हणून रायझर आधीच अर्धाअधिक कोरून काढलेला असतो. म्हणजे लाकूड जेथे सर्वांत थोडे, नेमके तेथेच भोक! धनुष्य बनविणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असल्यास नवल नाही.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे पितळेची छोटी नळी. कारखान्यातले लोक तिला बुश म्हणतात. आतून आटे, बाहेरून खाचा किंवा खरबरीत नक्षी. ही नळी लाकडात कायमची बसवायची आणि बोल्टची रोजची ये-जा धातूच्या आट्यांवर सोपवायची. लाकडाकडे उरते एकच काम, नळीला घट्ट धरणे. बोल्ट ८ मिलिमीटरचा आणि नळी बाहेरून १२ मिलिमीटरची असेल, तर भार घेणारा पृष्ठभाग तेवढ्याच खोलीत दीडपट होतो. पितळ गंजत नाही आणि लेथवर सहज कापले जाते, म्हणून तेच निवडले गेले.

नळी धरून ठेवण्यास सरस पुरेसा नव्हता. १९४० च्या दशकात बाजारात आलेल्या एपॉक्सीने ते काम केले. तिची मोठी गुणवत्ता अशी की ती वाळून नव्हे, तर रासायनिक क्रियेने कठीण होते. त्यामुळे फारशी आकसत नाही आणि फट भरून काढते. म्हणूनच भोक नळीपेक्षा किंचित मोठे ठेवतात. घट्ट ठोकून बसविलेली नळी जास्त पक्की, असे सामान्यतः वाटते. प्रत्यक्षात ठोकल्याने लाकडात पाचरीसारखा ताण साचतो आणि पुढे कधीतरी तंतूंच्या रेषेत चीर जाते. भोक सरळ पाडावे, आतला भुगा झाडून काढावा, नळी तेलकट राहू देऊ नये, आतल्या आट्यांत एपॉक्सी शिरू नये म्हणून मेण लावलेला बोल्ट आत फिरवून ठेवावा आणि मगच नळी बसवावी. काम अर्ध्या तासाचे, पण घाई केली की नळी तिरकी बसते, आणि तिरक्या नळीत लावलेली साइट कधीच सरळ पाहत नाही.

सर्वांत कठीण परीक्षा सुट्या होणाऱ्या लाकडी धनुष्यात होते. त्याचे दोन बाहू, ज्यांना खेळाडू लिंब म्हणतात, रायझरवर एकेका बोल्टने बसतात. धनुष्य ओढले की लिंबाचे टोक धनुर्धराकडे येते, लिंब रायझरच्या कडेवर टेकून तरफ होतो आणि त्याचा बुंधा बोल्टला बाहेर उपटू पाहतो. बोल्ट आणि टेकू यांत पाच-सहा सेंटिमीटर अंतर धरले, तर ढोबळ हिशेबाने बोल्टवरचा ताण ओढीच्या सहापट भरतो. ओढ १८ किलोची असेल, तर बोल्टवर शंभर किलोंहून अधिक, आणि तोही चेहऱ्यापासून हातभर अंतरावर! येथे केवळ चिकटविलेल्या नळीवर विसंबणे मला धाडसाचे वाटते. शहाणा कारागीर कडा असलेली नळी रायझरच्या उलट बाजूने घालतो. मग बोल्ट जितका ओढेल तितकी ती कड लाकडावर अधिक दाबली जाते. लाकूड उपटले जाण्यास दुबळे असले तरी दाब चांगला सोसते. दुर्बळतेला टाळून बळाकडे भार वळविणे, एवढीच यातली युक्ती.

म्युनिकला अमेरिकेच्या जॉन विल्यम्स यांनी २८८० पैकी २५२८ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. त्याच सुमारास धातूचे रायझर बाजारात येऊ लागले. धातूत आटे थेट पाडता येतात, म्हणून अव्वल स्पर्धांतून लाकडी रायझर हळूहळू मागे पडला. तो शिकाऊ खेळाडूंच्या हाती मात्र राहिला, आणि तेथून पुढचा इतिहास आपल्याला जवळचा आहे.

भारतीय धनुर्विद्या संघटना १९७३ साली स्थापन झाली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये भारताचे धनुर्धर प्रथम उतरले; त्यांत राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या आदिवासी भागातून आलेले लिंबा राम होते. बांबूच्या धनुष्यावर वाढलेल्या या मुलाने १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. पुढे झारखंडच्या दीपिका कुमारीचा आरंभही बांबूच्याच धनुष्याने झाला. नजर आणि हात त्यांच्याजवळ होतेच. नव्हते ते साइट, स्टॅबिलायझर आणि बटन, म्हणजे जे काही आट्यांवर बसते ते सारे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्यासाठी अजून टिकून आहे. त्यातून ऑलिंपिकच्या रिकर्व्ह प्रकाराकडे जाताना अनेक मुलांच्या हाती प्रथम येते ते लाकडी रायझरचे, पितळी नळ्या बसविलेले सुटे धनुष्य. दोन जगांमधला पूल म्हटला तर तो हा.

या पुलावर एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. आपल्या बाजारातले नट-बोल्ट मिलिमीटरचे. धनुष्याच्या स्टॅबिलायझरचा आणि बटनाचा आटा मात्र जगभर ५/१६ इंच व्यासाचा, इंचात २४ फेऱ्यांचा. हा आटा युनिफाइड मालिकेतला, जी १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी महायुद्धातल्या सुट्या भागांच्या गोंधळावर तोडगा म्हणून मान्य केली. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आपल्याकडचा ८ मिलिमीटरचा बोल्ट जवळजवळ तेवढाच, म्हणून फसगत होते. इंची आट्याची एक फेरी १.०६ मिलिमीटर पुढे नेते. आपल्या नेहमीच्या बोल्टची १.२५. असा बोल्ट नळीत एखाद-दुसरी फेरी जातो आणि अडतो. मग कोणीतरी पाना लावून जोर करतो, पितळेचे आटे कापले जातात किंवा नळीच लाकडातून सुटते. धनुष्य मोडत नाही, निकामी होते. गावातल्या लेथवाल्याकडे त्या मापाचा टॅप बहुधा नसतो.

दुसरी अडचण हवेची. लाकडातील ओलाव्यासंबंधीचे आयएस २८७ हे मानक आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडते, ते उगाच नव्हे. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असता लाकडात साडेसात टक्क्यांच्या आसपास पाणी राहते. ती ८० टक्के झाली की सोळाच्या आसपास. सागवानासारख्या स्थिर लाकडातही १२ मिलिमीटरचे भोक एवढ्या फरकाने वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ०.२ मिलिमीटर आणि वलयांना छेदणाऱ्या दिशेने ०.१ मिलिमीटर वाढू पाहते. गोल भोक लंबगोल होते. पितळी नळी गोलच राहते. हा तंटा एपॉक्सीच्या पातळ थराला दर पावसाळ्यात सोसावा लागतो, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत धनुष्य राहिले तर मऊ पडूनही सोसावा लागतो. म्हणून नळीचे उघडे तोंड आणि भोकाची कड लाखेने किंवा वॉर्निशने बंद करणे ही शोभेची गोष्ट नाही.

नळी फिरू लागलीच, तर तिच्यात एक बोल्ट घालून त्याला सोल्डरिंगच्या इस्त्रीने ऊब द्यावी. पितळ उष्णता चटकन वाहून नेते, एपॉक्सी मऊ होते, आणि लाकूड न जळता नळी हलक्या हाताने बाहेर येते. भोक खरवडून स्वच्छ करावे, नव्या नळीला बाहेरून चार खाचा घासून पाडाव्यात, आणि एपॉक्सी भरून धनुष्य पुरते एक दिवस-रात्र कोणी हात लावणार नाही अशा जागी ठेवावे.