फैलजामीन ते परिवीक्षा : मालवण किनाऱ्यावरील एका न्यायकल्पनेचा शब्देतिहास

अपराध शाबीत झाला असताही अपराध्यास तुरुंगात न पाठविता काही अटींवर त्याच्या घरी राहू द्यावयाचे, या व्यवस्थेला आजची न्यायालयीन मराठी 'परिवीक्षा' म्हणते. हा शब्द अगदी अलीकडचा आहे. परंतु ज्या किनाऱ्याला १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा असे नाव मिळाले, त्या किनाऱ्याला ही कल्पना अपरिचित होती असे मात्र म्हणता येणार नाही. शब्द बदलला आणि शब्दाबरोबर कल्पनेचा भारही एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. हे स्थित्यंतर नेमके कोणते, आणि त्यात मालवणसारख्या तालुक्याच्या पदरात काय पडले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठेशाहीतील कागदपत्रांत जामिनाचे अनेक प्रकार आढळतात. मनुष्य बोलावल्या वेळी हजर होईल अशी हमी देणारा तो हाजीरजामीन. सरकारी पैसा भरला जाईल अशी हमी देणारा तो मालजामीन. आणि मनुष्य पुढे नीट वागेल अशी हमी देणारा तो फैलजामीन. 'फैल' हा मुळात अरबी शब्द असून त्याचा अर्थ कृती किंवा वर्तन असा होतो. 'जामीन' हाही अरबीच. अपराध्याकडून स्वतःविषयी लिहून घ्यावयाच्या 'मुचलक्या'चे कूळ तुर्की आहे. याच कागदांत 'गुन्हेगारी' हा शब्द पुष्कळदा दंडाच्या रकमेसाठी येतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आज आपण गुन्हेगारी ही व्यक्तीला किंवा वस्तीला चिकटलेली वृत्ती समजतो. त्या काळी ती भरून टाकावयाची आणि मोकळे व्हावयाचे अशी रक्कम होती.

फैलजामिनाचा विशेष असा की, जबाबदारी एका नाव-गाव असलेल्या माणसावर पडते. हा माणूस अपराध्याचा शेजारी, भाऊबंद किंवा मानकरी असे. दक्षिण कोकणातील गावऱ्हाटीला ही गोष्ट सहज मानवणारी होती. जेथे सबंध गावाचे गाऱ्हाणे एकत्र घातले जाते, तेथे एकाच्या वर्तनाविषयी दुसऱ्याने उभे राहणे नवलाचे नव्हे. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जो गाव जामीन राहतो, तोच वाळीतही टाकतो. आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र अधिनियम करावा लागला, यावरून ती दुसरी बाजू किती चिवट आहे हे दिसून येते.

इंग्रजी अमलात मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. शेजारचे सावंतवाडी संस्थान १९४८ पर्यंत वेगळे राहिले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२ व्या कलमाने पहिल्याच अपराधाबद्दल दोषी ठरलेल्या इसमास चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेऊन सोडण्याचा अधिकार न्यायाधिकाऱ्यांस दिला, आणि १९२३ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा वाढविली. बारकाईने पाहिल्यास हा फैलजामीनच होता. फक्त भाषा इंग्रजी होती. त्यात देखरेख करणारा अधिकारी नव्हता. असा अधिकारी प्रांतिक कायद्यांतून आला. मद्रास व मध्य प्रांताने १९३६ साली, तर मुंबई प्रांताने १९३८ साली असे कायदे केले. त्यांच्यामागे इंग्लंडचा १९०७ चा कायदा होता, आणि त्याच्याही मागे बोस्टनचा जॉन ऑगस्टस होता. हा पादत्राणे करणारा कारागीर १८४१ साली एका मद्यप्याला स्वतः जामीन राहिला. म्हणजे पाश्चात्त्य प्रोबेशनचा आरंभही अधिकाऱ्यापासून नव्हे, तर जामिनापासूनच झाला.

कायदा झाला म्हणून तालुक्याच्या कचेरीतील व्यवहार लगेच पालटतो असे नाही. तालुक्याच्या पातळीवर फौजदारी अधिकार मुख्यत्वे मामलेदारांकडे असत. सारावसुली पाहणारा आणि शिक्षा फर्मावणारा माणूस एकच असल्यावर अपराध्याच्या घरच्या परिस्थितीचा स्वतंत्र विचार व्हावा ही अपेक्षा फार झाली. न्याय व कार्यकारी अधिकारांची फारकत करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५१ चा आहे, आणि माझ्या मते मालवणच्या न्यायालयापुरता खरा टप्पा १९३८ चा नसून हाच होय.

त्यानंतर १९५८ चा केंद्रीय अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. किरकोळ चोरी, फसवणूक इत्यादींबद्दल नुसती समज देऊन सोडावे (कलम ३). मृत्यू किंवा आजन्म कारावास ज्यास नाही अशा अपराधांत जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडावे (कलम ४). एकवीस वर्षांखालील अपराध्यास कारावास देण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि कारावासच दिला तर त्याची कारणे नोंदवावीत (कलम ६), अशी त्याची रचना आहे. बंधपत्राच्या पहिल्या भंगास अधिनियमाने पन्नास रुपयांपर्यंतचा दंडही पुरेसा मानला. रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणी अपील न्यायालयालाही हा अधिकार आहे असे ठरवून अधिनियमाचा सुधारणावादी हेतू उचलून धरला.

आता शब्दाकडे वळू. 'प्रोबेशन'च्या मुळाशी लॅटिन 'प्रोबारे' म्हणजे पारखणे, सिद्ध करणे हा धातू आहे. सिद्ध करावयाचे ते अपराध्याने स्वतःला. 'परि-वि-ईक्ष्' या घडणीत मात्र भोवतालून निरखणे हा अर्थ आहे. निरखणारा दुसराच कोणी असतो. फैलजामीन हा शब्द हमी देणाऱ्याचे नाव सांगे, प्रोबेशन हा कसोटीला उतरणाऱ्याचे, आणि परिवीक्षा हा पाहणाऱ्याचे. शासकीय मराठीत नव्याने नेमलेला अधिकारीही 'परिवीक्षाधीन' असतो. पक्षकारास हा शब्द परका वाटतो, तो 'जामिनावर सुटलो' असेच सांगतो, आणि ऐकणारा खटला अजून चालू आहे असे समजतो. दोष सिद्ध झाला, तरी संधी मिळाली, हा कायद्याचा सारा आशय त्या एका गैरसमजात बुडून जातो.

बालकांच्या बाबतीत इतिहास प्रथम मुंबईकडे वळतो, कारण या किनाऱ्याचे मनुष्यबळच चाकरमानी म्हणून आगबोटीने तिकडे गेले. मुंबई बालक अधिनियम १९२४ चा. चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागी मुलांसाठी गृह झाले. किनाऱ्यावरील मुलांपर्यंत जिल्हावार यंत्रणा पोहोचण्यास १९८६, २००० आणि २०१५ असे तीन बालन्याय कायदे लागले. शेवटच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात बालन्याय मंडळ बंधनकारक केले, आणि सामाजिक तपासणी अहवालासाठी पंधरा दिवसांची मुदत घातली. भाषाभ्यासकाला त्याहून लक्षणीय वाटेल ती त्याच्या तिसऱ्या कलमातील आज्ञा : बालकाविषयी दोषारोप करणारे शब्द वापरू नयेत. कायद्याने शब्दांवरच नियमन करावे असे प्रसंग विरळा. 'बालगुन्हेगार' जाऊन 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आले ते यातूनच. हेतू निर्मळ आहे. पण मालवणीत वाढलेल्या मुलाच्या आईला हा शब्द उच्चारता येत नसेल, तर तिच्या तोंडी जुनाच शब्द राहणार.

प्रौढांकडे परत येताना १९५८ च्या चौथ्या कलमातील एक परंतुक पाहणे अगत्याचे आहे. अपराध्याचे किंवा त्याचा जामीनदार असल्यास त्या जामीनदाराचे, न्यायालयाच्या हद्दीत कायम राहण्याचे ठिकाण किंवा नियमित व्यवसाय असल्याची खात्री झाल्याशिवाय सुटका करता येत नाही. येथे फैलजामीन पुन्हा मागच्या दाराने आत येतो. रापणीत वाटा असलेल्या घरच्या तरुणाला ही अट जड नाही. तो मुंबईस गेला तरी गावचे घर आणि काका तेथेच असतात. पण ट्रॉलरवर हंगामापुरता येणारा परप्रांतीय खलाशी बोटीवरच निजतो. पावसाळी मासेमारी बंदी लागली की तो गावी जातो, आणि त्याच्यासाठी उभा राहील असा बहुधा एकटा नौकामालक असतो. तो तर पुष्कळदा प्रकरणातील फिर्यादीच. 'नियमित व्यवसाय' या शब्दांत हंगामी खलाशीपण बसते काय, हा प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे; आणि एकाच चोरीबद्दल एकास बंधपत्रावर सुटका व दुसऱ्यास कोठडी मिळावयाची की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०१ व्या कलमातही ठिकाण व व्यवसायाची ही अट कायम आहे.