रिची स्ट्रीट आणि जिस्ट कार्ड

आज एका कार्डाची गोष्ट. व्हिडिओत ते माझ्या हातात दिसतंय. वाचणाऱ्यांसाठी सांगतो: हिरवी पट्टी, वर काळ्या चिप आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. संगणक उघडून स्लॉटमध्ये खोचायचं असं हे कार्ड. याचं नाव जिस्ट.

हे माझ्याकडे आलं चेन्नईच्या एका तंजावरी मराठी घरातून. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, त्या राज्याच्या आश्रयाने तिकडे गेलेल्यांपैकी कुणाचे तरी हे वंशज. घरात बोलणं मराठी, वाचणं-लिहिणं तमिळ. या घरातल्या आजोबांनी मात्र हट्टाने देवनागरी शिकून निवृत्तीनंतर घरच्या बोलीतले शब्द, पदार्थ, लग्नातले विधी असं सगळं संगणकावर टिपून ठेवलं होतं. आजोबा गेले. २०१५ च्या डिसेंबरच्या पुरात तळमजल्यावरचे कागद भिजून गेले. संगणक माळ्यावर होता म्हणून वाचला. नातीने फोन केला, "काका, त्यातलं काही निघेल का?"

मी आधी सोपा मार्ग धरला. हार्ड डिस्क काढली, यूएसबीचा ॲडॅप्टर लावला, लॅपटॉपला जोडली. डिस्क फिरल्याचा आवाज येत होता, पण लॅपटॉपला ती दिसेना. डिस्क मेली असंच वाटतं अशा वेळी. पण फार जुन्या आयडीई डिस्कना आपली जागा सिलिंडर, हेड, सेक्टर या तीन आकड्यांतच कळते. एकच सलग क्रमांक देण्याची पद्धत नंतर आली, आणि हे ॲडॅप्टर तेवढीच पद्धत बोलतात. म्हणजे दोष डिस्कचा नव्हता. तिला तिच्या काळचा संगणकच हवा होता. तोच दुरुस्त करणं भाग होतं.

माउंट रोडवरून आत वळलं की रिची स्ट्रीट. रेडिओच्या सुट्या भागांपासून वाढलेला हा बाजार. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड डोळ्यांसमोर आणावा. एका दुकानदाराने फ्लॉपी ड्राइव्ह काढून दिला, केबल फुकट दिली आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

बोर्डावरची पिंपाच्या आकाराची बॅटरी फुटून तिच्यातला क्षार बाहेर आला होता. ती कापून काढली, डाग व्हिनेगरच्या बोळ्याने आणि मग स्पिरिटने पुसला, बाहेरून नवी बॅटरी जोडली. चालू केल्यावर पडदा काळाच, आणि एक लांब, दोन आखूड अशी शिट्टी. त्या बायोसच्या भाषेत याचा अर्थ: डिस्प्ले कार्ड सापडत नाही. समुद्राच्या दमट हवेत दातांवर थर चढतो. शाळेतलं खोडरबर घेतलं, डिस्प्लेचं आणि जिस्टचं अशा दोन्ही कार्डांचे दात घासले, पुन्हा घट्ट बसवले. पडदा उजळला. मग फ्लॉपीचा दिवा लागला तो विझेचना. केबल उलटी लावली होती, चूक माझीच. लाल तार पहिल्या पिनकडे, हे मी दुसऱ्यांना किती वेळा सांगितलंय! शेवटी डिस्कच्या लेबलावरचे तीन आकडे बायोसमध्ये हाताने भरले, कारण बॅटरीबरोबर तेही पुसले गेले होते.

आता हे कार्ड मुळात लागलं कशाला? आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा त्यात पाच स्लॉट ठेवले आणि सर्किटचे आराखडेही छापले. त्यामुळे कुणालाही त्याच्यासाठी कार्ड बनवता येऊ लागलं. पण डॉसच्या पडद्यावर २५ ओळी, ओळीत ८० घरं आणि एका घरात एकच अक्षर. इंग्रजीला ते पुरतं. आपल्या वेलांट्या, रफार, जोडाक्षरं त्यात मावत नाहीत. आयआयटी कानपूरमध्ये यावर काम सुरू झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते पुढे गेलं. जिस्ट कार्डाने अक्षरं जुळवण्याचं काम स्वतःकडे घेतलं. डीबेस किंवा वर्डस्टारला पत्ताही नसायचा की आपण मराठी दाखवतोय.

खरी दूरदृष्टी साठवण्याच्या पद्धतीत होती. तिचं प्रमाण म्हणजे इस्की, भारतीय मानक १३१९४, साल १९९१. त्यात साठवायचं ते अक्षर, त्याचा आकार नव्हे. क म्हणजे १७९. तो देवनागरीत क दिसेल, तमिळ लिपी निवडली तर तमिळ क. आकडा तोच. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतली, फक्त लिप्या वेगळ्या केल्या. तिथे देवनागरी क २३२५ आणि तमिळ क २९६५. अंतर ६४०. म बघा: २३५० आणि २९९०. पुन्हा ६४०.

म्हणून मला असं वाटतं की जिस्टच्या फायली नव्वदच्या दशकातल्या डीटीपी फायलींपेक्षा जास्त टिकाऊ निघाल्या. डीटीपीच्या फॉन्टांनी आकार साठवले, प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. तो फॉन्ट गेला की मजकूर कोड्यात. माझ्याकडे अशा फायलींची एक पेटी अजून पडून आहे, तिच्याकडे बघायचं मी टाळतो.

जिस्टच्या नशिबी वेगळंच आलं. विंडोज आलं, लिपीचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं आणि पुढे बोर्डांवरून ते जुने स्लॉटच गेले. कार्ड चांगलं असूनही बसवायला जागा उरली नाही.

आजोबांच्या फायली मी १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर उतरवून युनिकोडमध्ये नेल्या. पण त्याआधी जुन्याच संगणकावर पहिली फाइल उघडली तेव्हा नात शेजारी बसली होती. देवनागरी बघून गप्प झाली. तिला ती वाचता येत नाही. मी लिपी बदलायची कळ दाबली. मजकूर मराठीच राहिला, अक्षरं तमिळ झाली. पहिल्या ओळीत तिच्या आजीच्या हातच्या एका पदार्थाची कृती होती. ती मोठ्याने वाचायला लागली, आणि आतल्या खोलीतून तिच्या आईने ओरडून एक चूक सुधारली.