बोनाफाईड

“बोनाफाईड आणलं का?” बारावीत स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बाबांसोबत तिवस्याला गेलो, तेव्हा खिडकीतून पहिला प्रश्न हाच आला. शेवटची तारीख होती. बाबांनी विचारलं, “बोनाफाईड म्हंजे काय रे?” मी म्हटलं, “शाळेत शिकतो त्याचा कागद.” तो आणेपर्यंत खिडकी बंद झाली. त्या वर्षीची स्कॉलरशिप गेली.

शब्दाचा अर्थ मला पुढे कळला. ‘बोना फिदे’ हे लॅटिन, म्हणजे चांगल्या विश्वासाने. रोमन कायद्यात खरेदी-विक्री, भाडेपट्टा, भागीदारी यांच्या खटल्यांत न्यायाधीश फक्त ठरलेले शब्द बघत नसे. दोघं एकमेकांशी प्रामाणिक वागले का, हेही बघे. ॲफिडेव्हिटही लॅटिनच: ‘त्याने शपथेवर सांगितलं.’ १७३३ मध्ये इंग्लंडच्या कोर्टांचा कारभार लॅटिनमधून इंग्रजीत आला. असे रुळलेले शब्द मात्र टिकले आणि इंग्रजांच्या कायद्यासोबत वऱ्हाडापर्यंत पोचले. तिथे माणसाच्या वागण्याबद्दलचा शब्द इथे शिक्क्याच्या कागदाचं नाव झाला.

परवा बाबांना हे सगळं सांगितलं. ते आजही कापसाचा सौदा शब्दावर करतात. ऐकून म्हणाले, “इस्वास हाये तं मंग कागद कायले लागते?”